विश्लेषण : ‘टाइम मशीन’च्या लेखकाने दिवाणखान्यात युद्ध का मांडले?

एच. जी. वेल्स म्हटले की ‘द टाइम मशीन’, ‘द इनव्हिजिबल मॅन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबऱ्या आठवतात. मात्र याच वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ना मंगळावरचे शत्रू होते, ना काळाच्या पल्याडचा प्रवास. होते ते खेळण्यातले सैनिक जमिनीवर मांडून लढाई खेळण्याचे नियम. छोट्या मूर्तींच्या युद्धखेळांचे जनक म्हणून आज वेल्स यांचे नाव घेतले जाते ते या पुस्तकामुळे. नकाशावरचा लष्करी खेळ त्यांनी मोठ्या आकाराच्या सैनिकांसाठी कसा बदलला, त्यातून ते कोणत्या निष्कर्षाला आले आणि वर्षभरातच खऱ्या महायुद्धाने त्या निष्कर्षाची परीक्षा कशी घेतली, याविषयी...

वेल्स कोण होते?

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातील ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे दुकान होते. ते बेताचेच चाले. जोसेफ केंटकडून व्यावसायिक क्रिकेट खेळत. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध सलग चार चेंडूंत चार बळी घेण्याचा पराक्रम त्यांच्या नावावर आहे. आई सारा यांनी श्रीमंतांच्या घरी नोकरी केली होती.

१८७४ मध्ये लहानग्या वेल्स यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांत त्यांना पुस्तकांची गोडी लागली. पुढे वडिलांच्या मांडीचे हाड मोडले, क्रिकेटची कमाई थांबली आणि मुलांना कामाला लावण्याची वेळ आली. वेल्स यांना साउथसी येथील कापडाच्या दुकानात उमेदवारीला धाडण्यात आले. दिवसाचे १३ तास काम आणि दुकानातच मुक्काम, असे ते आयुष्य होते. त्यातून त्यांना बाहेर काढले ते शिष्यवृत्तीने. १८८४ मध्ये लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये ते दाखल झाले. टी. एच. हक्सली यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञाकडे त्यांना शिकायला मिळाले. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाली आणि कापड दुकानातला हा उमेदवार लेखक म्हणून नावारूपाला आला. त्याच वर्षी एमी कॅथरीन रॉबिन्स यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. जॉर्ज फिलिप (१९०१) आणि फ्रँक (१९०३) ही त्यांची मुले. युद्धखेळाची गोष्ट या मुलांच्या खेळण्यांपासून सुरू होते.

त्याआधी युद्धखेळ नव्हते का?

होते, पण ते लष्कराचे होते. प्रशियातील सरकारी अधिकारी गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजाला एक खास टेबल भेट दिले. प्लास्टरचे डोंगर, नद्या, रस्ते यांचे चौकोनी तुकडे जुळवून त्यावर रणभूमी उभी करता येत असे. त्यांचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये हाच खेळ नकाशावर आणला. नकाशाचे प्रमाण होते १:८०००. म्हणजे प्रत्यक्षातले ८ किलोमीटर नकाशावर अवघ्या एक मीटरमध्ये मावत.

या प्रमाणात माणूस दाखवायचा तर तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा होईल. म्हणून सैनिकांच्या जागी पलटणी दर्शवणारे ठोकळे वापरत. तोफेचा मारा किती लागू पडला हे फासे आणि तक्ते ठरवत. वाद झाला तर पंच निकाल देई. ‘क्रीगश्पील’ या नावाने हा खेळ पुढे युरोपभरच्या सैन्यांत गेला. प्रशिक्षणासाठी तो उत्तम होता. पण जेवणानंतर दोन मित्रांनी सहज खेळावा, असे त्यात काही नव्हते.

मग वेल्स यांचा खेळ सुरू कसा झाला?

दोन वस्तू बाजारात आल्या म्हणून. पहिली म्हणजे स्वस्त सैनिक. १८९३ मध्ये ब्रिटनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतण्याची पद्धत आणली. धातू कमी लागल्याने किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांत पलटणीच्या पलटणी आल्या. या सैनिकाची उंची साधारण ५४ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या माणसाच्या तुलनेत १:३२.

दुसरी वस्तू म्हणजे स्प्रिंगची छोटी तोफ. तिच्यातून इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटत असे. नऊ यार्डांवरून, म्हणजे सुमारे आठ मीटरवरून, दहापैकी नऊ वेळा सैनिक टिपता येतो, असे वेल्स यांनी लिहून ठेवले आहे.

वेल्स तेव्हा सँडगेट येथे समुद्राजवळच्या घरात राहत. एकदा जेवायला आलेल्या मित्राने कॉफीची वाट पाहता पाहता मुलांच्या तोफेत गोळी भरली, नेम धरला आणि एक सैनिक पाडला. पुस्तकात या मित्राची फक्त आद्याक्षरे आहेत, पण ते ‘थ्री मेन इन अ बोट’चे लेखक जेरोम के. जेरोम असल्याचे मानले जाते. नेमबाजीची पैज लागली आणि त्यातून प्रश्न निघाला, की सैनिकांना हलताही आले तर? मग गालिच्यावर एन्सायक्लोपीडियाचे खंड टेकड्या म्हणून मांडले गेले. पुढे पुठ्ठ्याची घरे आली, झाडांच्या जागी डहाळ्या आल्या, खडूने नद्या आखल्या गेल्या. आणि दोन मोठी माणसे गुडघ्यांवर बसून लढू लागली.

सैनिक मोठे झाले की नियम का बदलावे लागतात?

या खेळातला सगळ्यात कठीण प्रश्न हाच आहे. नकाशावरचे नियम ५४ मिलिमीटरच्या सैनिकाला जसेच्या तसे लावले तर काय होईल, याचे गणित सोपे आहे.

चालणारा सैनिक मिनिटाला साधारण ८० मीटर अंतर कापतो. १:३२ या प्रमाणात ते अडीच मीटर होते. म्हणजे दोन चालींत तो दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहोचेल आणि डाव सुरू होण्याआधीच संपेल. तोफेचे गणित याच्या उलट. आठ किलोमीटर पल्ल्याची तोफ त्याच प्रमाणात मांडायची तर अडीचशे मीटर मोकळी जागा हवी. क्रिकेटच्या १२ खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी ती पुरणार नाही.

म्हणजे मूर्तीचे प्रमाण एक आणि मैदानाचे प्रमाण दुसरे, हे मान्य करावेच लागते. दिवाळीत अंगणात केलेल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाच्या उंचीचा असतो, पण ते कुणाला खटकत नाही. कारण किल्ला पाहताना डोळा दोन वेगवेगळी मापे एकाच वेळी मान्य करतो. युद्धखेळालाही हेच करावे लागते. फरक इतकाच, की तिथे हरणाऱ्या भिडूने आक्षेप घेऊ नये म्हणून ती मापे नियमांत लिहावी लागतात.

वेल्स यांनी प्रमाणाचा हट्ट सोडला. त्यांच्या तोफेचा पल्ला कागदावरच्या तक्त्यावर नव्हता, तो स्प्रिंगच्या ताकदीने आधीच ठरलेला होता. खोलीची लांबीही बदलता येत नव्हती. उरला सैनिकाच्या चालीचा आकडा. तो या दोन गोष्टींना जुळेल असा निवडणे एवढेच हातात होते.

‘लिटल वॉर्स’चे नियम काय होते?

पायदळाचा सैनिक एका चालीत एक फूट सरकेल, घोडेस्वार दोन फूट. तोफ हलवायची किंवा डागायची तर तिच्यापासून सहा इंचांच्या आत आपले किमान चार सैनिक हवेत. एका चालीत तोफ एकतर हलेल किंवा चार गोळ्या झाडेल, दोन्ही नाही. गोळी लागून सैनिक पडला तर तो मेला. फासे नाहीत, पंच नाही.

हातघाईच्या लढाईसाठी निव्वळ बेरीज-वजाबाकी होती. दोन्ही बाजूंचे सैनिक सारखे असतील तर सगळे मेले. संख्या कमी-जास्त असेल आणि कमी संख्येच्या तुकडीला जवळ कुमक नसेल, तर जेवढा फरक तेवढे कैदी आणि उरलेले एकास एक ठार. उदाहरणार्थ, अशा नऊ जणांना ११ जणांनी गाठले तर दोन कैद होतात आणि दोन्हीकडचे सात-सात मरतात. जिंकणाऱ्याच्या हाती उरतात अवघे चार सैनिक आणि दोन कैदी.

वेळेचेही बंधन होते. ३० सैनिकांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट. म्हणजे ११० सैनिक आणि तीन तोफा असतील तर सुमारे सात मिनिटांत चाल पूर्ण करायची. हा नियम सर्वांत महत्त्वाचा ठरला. नकाशावर ठोकळे सरकवताना सेनापती तासभर विचार करू शकतो. इथे घड्याळ चालू झाले की हात थरथरतात, एक तुकडी हलवायची राहून जाते, घोडदळ चुकीच्या टेकडीआड अडकते. मूर्ती मोठ्या असल्याने प्रत्येक सैनिक हाताने उचलावा लागतो, त्यामुळे गोंधळात भरच पडते. खऱ्या रणांगणावरचा गोंधळ वेल्स यांनी कोणताही तक्ता न बनवता केवळ घड्याळाच्या जोरावर खेळात आणला.

आता या आकड्यांकडे एकत्र पाहू. तोफेचा खात्रीचा पल्ला २७ फूट, पायदळाची चाल एक फूट. १५ फुटांच्या खोलीत आडोसा न घेता समोरून चालून जायचे तर १५ चाली लागतात आणि प्रत्येक चालीत समोरची एकेक तोफ चार गोळ्या झाडणार. पुस्तकांची टेकडी नाही, घराची भिंत नाही, तर पलटण पोहोचतच नाही. गालिच्यावर हे शिशाच्या सैनिकांच्या बाबतीत घडत होते.

लष्कराला त्यात रस का वाटला?

हे लेखन आधी ‘विंडसर मॅगझिन’मध्ये आले आणि १९१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याआधी १९११ मध्ये मुलांच्या घरगुती खेळांवर ‘फ्लोअर गेम्स’ हे त्यांचे पुस्तक आले होते. ‘लिटल वॉर्स’ वाचून लष्करातल्या काही मंडळींनी वेल्स यांना पत्रे लिहिली. त्यांना आपल्या नकाशावरच्या खेळात हा जिवंतपणा हवा होता. म्हणून वेल्स यांनी पुस्तकाला परिशिष्ट जोडले. त्यात दारूगोळा आणि रसद वाहणाऱ्या गाड्या, रेल्वेने होणारी सैन्याची ने-आण, पूल उडवणे अशा बाबी खेळात आणल्या. म्हणजे घरगुती खेळ पुन्हा लष्करी खेळाच्या दिशेने निघाला.

मात्र पुस्तकाचा शेवट लष्कराला सुखावणारा नव्हता. हा खेळ तीन-चार वेळा खेळला तरी मोठे युद्ध किती बेंगरूळ प्रकार असेल ते कळते, असे वेल्स यांनी लिहिले. सरळमार्गी, हुशार माणसांच्या हातून इथे सात मिनिटांत इतक्या घोडचुका होतात, तर खऱ्या युद्धात काय होईल, हा त्यांचा सवाल होता. खरे युद्ध जगातली सर्वांत महागडी गोष्ट आहेच, शिवाय माणसाच्या बुद्धीच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. युद्धाची खुमखुमी असलेले राजे आणि पुढारी यांना बुचाचा गालिचा अंथरलेल्या भव्य दालनात ठेवावे, पाडायला भरपूर छोटी घरे आणि झाडे द्यावीत आणि बाकीच्यांना सुखाने जगू द्यावे, असा उपाय त्यांनी सुचवला.

१९१४ मध्ये नेमके काय झाले?

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले. त्याच दिवशी लेखिका रेबेका वेस्ट यांच्यापासून वेल्स यांना अँथनी हा मुलगा झाला. घरात आणि जगात एकाच वेळी उलथापालथ सुरू होती.

आणि ज्या लेखकाने वर्षभरापूर्वी मोठ्या युद्धाला मूर्खपणा ठरवले होते, त्याने या युद्धाची बाजू घेतली. त्यांचे लेख ‘द वॉर दॅट विल एंड वॉर’ या नावाने पुस्तकरूपात आले. जर्मन लष्करशाही मोडली की युद्धेच संपतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. शीर्षकातली कल्पना आधी घोषणा झाली आणि नंतर कडवट विनोद. २ सप्टेंबर १९१४ रोजी सरकारने नामवंत लेखकांना प्रचारकार्यासाठी बोलावले. बैठक बोलावणारे होते चार्ल्स मास्टरमन. त्या बैठकीला वेल्सही हजर होते. १९१८ मध्ये त्यांनी जर्मनीविरोधी प्रचार खात्यात काही महिने कामही केले.

रणांगणावर मात्र गालिच्यावरचेच गणित खरे ठरत होते. १ जुलै १९१६ रोजी सॉम येथे ब्रिटिश पायदळ उघड्या मैदानावरून जर्मन मशीनगनच्या समोर चालत गेले. एका दिवसात ब्रिटनचे ५७,४७० सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मृत्युमुखी पडले. आडोशाशिवाय समोरून चालून जाणाऱ्या पलटणीचे काय होते, हे सँडगेटच्या दिवाणखान्यात दिसले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिले रणगाडे मैदानात उतरले. त्यांची कल्पना वेल्स यांनी १९०३ मध्येच ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ या कथेत मांडली होती.

वेल्स यांनी स्वतःची झाडाझडती घेतली का?

घेतली, पण २० वर्षांनी. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या लहानपणीची एक सवय सांगितली. तेराव्या वर्षी ब्रॉम्लीच्या आसपास एकटे फिरताना ते मनातल्या मनात लढाया लढत. समोरच्या टेकडीवर काल्पनिक सैन्य उभे करून ते मोठे सेनापती होत. जर्मनीत नुकत्याच सत्तेवर आलेल्या हिटलरमध्ये त्यांना हेच पोरवयातले दिवास्वप्न प्रत्यक्ष उतरलेले दिसले.

ते तिथेच थांबले नाहीत. १९१४ पर्यंत आपण खेळण्यातल्या सैनिकांशी रंगून खेळत होतो, हे त्यांनी मान्य केले. जबाबदारीच्या पदांवर असलेल्या अनेकांची कल्पनाशक्ती अशाच साच्यात घडली होती आणि त्यामुळे त्यांची राजकीय समज पोरवयातच अडकली, असे सांगताना त्यांनी नावेही घेतली. त्यांत विन्स्टन चर्चिल, मास्टरमन आणि लिओ अमेरी होते. हे लिहिले गेले तेव्हा चर्चिल सत्तेबाहेर होते. १९४० मध्ये ते पंतप्रधान झाले आणि अमेरी भारतमंत्री. ‘छोडो भारत’ आंदोलन आणि बंगालचा दुष्काळ या काळात भारताविषयीचे निर्णय याच दोघांच्या हातात होते. त्यामुळे वेल्स यांचे हे निरीक्षण भारतीय वाचकाला केवळ खेळापुरते वाटत नाही.

लहान प्रमाणावर मिळालेला धडा मोठ्या प्रमाणावर आपोआप लागू होत नाही, हे वेल्स यांच्याच आयुष्यातून दिसते. खेळात हरलेले सैनिक संध्याकाळी पेटीत जातात. खेळणाऱ्याला डोक्यावरून सगळे मैदान दिसते. सेनापती आणि मंत्री यांनाही नकाशावर तसेच दिसल्याचा भास होतो. गालिच्यावर वेल्स यांनी हा भास ओळखला, पण ऑगस्ट १९१४ मध्ये तेही त्याला बळी पडले.

अखेरच्या काळात ते कुठे वळले?

जागतिक संघटना आणि मानवी हक्क हे त्यांचे विषय झाले. १९४० मध्ये ‘द राइट्स ऑफ मॅन’ या पुस्तकातून त्यांनी प्रत्येक माणसाच्या किमान हक्कांची मांडणी केली. स्वतःला मधुमेह असलेल्या वेल्स यांनी १९३४ मध्ये डॉ. आर. डी. लॉरेन्स यांच्यासह ब्रिटनमधील मधुमेहींची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. साहित्याच्या नोबेलसाठी त्यांचे नाव चार वेळा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही. १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यांनी अणुबॉम्बची कल्पना केली होती. हिरोशिमाच्या रूपाने ती खरी झालेली त्यांना पाहावी लागली. त्यानंतर साधारण वर्षभराने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या खेळाचे आज काय उरले आहे?

बरेच काही. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने मूर्तींच्या युद्धखेळाचा छंद ब्रिटनमध्ये नव्याने रुजवला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा खेळही मूर्तींच्या युद्धखेळातूनच निघाला. त्याचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी २००४ मध्ये ‘लिटल वॉर्स’च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. ‘फ्लोअर गेम्स’चा प्रवास तर आणखी वेगळा झाला. त्यापासून प्रेरणा घेऊन डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी लंडनमध्ये मुलांच्या मनोपचारासाठी वाळू आणि खेळणी वापरण्याची पद्धत विकसित केली.

मोठ्या मूर्तींसाठी नियम बदलण्याचा प्रश्नही कायम आहे. आज बहुतांश नियम २८ मिलिमीटरच्या मूर्तींसाठी लिहिलेले असतात. तेच ५४ मिलिमीटरच्या मूर्तींना लावायचे तर खेळणाऱ्यांपुढे साधारण तीन मार्ग असतात.

पहिला, सगळी अंतरे दुप्पट करणे. पण मग सहा बाय चार फुटांच्या टेबलाऐवजी बारा बाय आठ फूट जागा लागते, म्हणजे चौपट. दुसरा, सेंटिमीटरमध्ये लिहिलेले नियम इंचात वाचणे. त्याने सगळी अंतरे अडीच पट होतात आणि नवे आकडे पाठ करावे लागत नाहीत. तिसरा मार्ग अंतरे तशीच ठेवून सैनिक कमी करण्याचा. पलटणीऐवजी दहा-बारा जणांची चकमक खेळायची.

कोणताही मार्ग निवडला तरी तपासायचे एकच असते. तोफेचा पल्ला, पायदळाची चाल आणि मैदानाची लांबी यांचे परस्परांशी नाते मूळ खेळासारखे राहिले का? ते बिघडले तर नेमबाज अजिंक्य होतो किंवा घोडदळ पहिल्याच चालीत शत्रूच्या अंगावर जाते आणि डावातली चुरस जाते. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे नव्या आकड्यांनी एक छोटा डाव घड्याळ लावून खेळून पाहणे आणि पायदळाला समोरची भिंत गाठायला किती चाली लागतात ते मोजणे.